शिकायचे खरे, पण तोवर चूल कशी पेटणार?

कारखान्याला टाळे लागून दोन महिने झालेले असतात. चाळिशीतला घरचा कर्ता पुरुष सकाळी सवयीने डबा मागतो आणि मग स्वतःच ओशाळतो. अशात शेजारी सांगतात, "भाऊ, फ्रिज-एसी दुरुस्तीचा सरकारी वर्ग निघालाय. तीन महिन्यांचा आहे आणि फी नाही. नाव घालून टाका." तो उत्साहाने घरी येतो. बायको सगळे ऐकून घेते आणि विचारते, "अहो, फी नाही हे चांगलंच. पण तीन महिने तुम्ही वर्गात बसाल, तोवर वाण्याची उधारी कशातून फेडायची?"

अशी कितीतरी घरे आहेत आणि या प्रश्नाला बायकी कुरकुर म्हणून उडवून लावता येत नाही. बेकार प्रौढाला नवे काम शिकवायचे, तर शिकण्याचा खर्च आणि शिकत असतानाचा घरखर्च असे दोन खर्च असतात. यातला दुसरा विसरला गेला की मोफत वर्गातले बाकही रिकामे पडतात.

गिरणगावाने मोजलेली किंमत

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढच्या काळात एकेक गिरणी बंद पडत गेली. १९८६ मध्ये केंद्र सरकारने बंद गिरण्यांतील कामगारांसाठी पुनर्वसन निधी उभारला. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत द्यायची, अशी ती योजना होती. रक्कम उतरती ठेवण्यामागे हेतू हा, की तीन वर्षांत त्याने दुसरे काम शोधावे.

पण वीस वर्षे मागावर उभा राहिलेला माणूस कोणी शिकवल्याशिवाय विजेची मोटर कशी दुरुस्त करणार? ही उणीव भरून काढण्याची संधी फेब्रुवारी १९९२ मध्ये आली. नव्या आर्थिक धोरणाची झळ बसलेल्या कामगारांना मदत आणि फेरप्रशिक्षण देण्यासाठी राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. मात्र त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. फेरप्रशिक्षणाच्या वाट्याला फारच थोडा आला. २००० साली तो निधीच गुंडाळला गेला. गिरणगावात कोणी भाजीची गाडी लावली, तर कोणी रखवालदार झाले. बायकांनी पोळ्या लाटून आणि धुणीभांडी करून घरे सावरली.

नुसते विद्यावेतनही पुरत नाही

याची दुसरी बाजूही आहे. १५ ऑगस्ट १९७९ रोजी ग्रामीण तरुणांसाठी 'ट्रायसेम' ही योजना सुरू झाली. १८ ते ३५ वर्षांच्या गरीब तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण, त्या काळात विद्यावेतन आणि व्यवसायाची अवजारे असा तिचा आराखडा होता. कागदावर सगळे चोख होते. पण नवव्या पंचवार्षिक योजनेच्या दस्तऐवजात स्पष्ट कबुली आहे, की अनेकांना रस होता तो केवळ विद्यावेतनात. १९९९ मध्ये ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली.

यात दोष एकट्या तरुणांचा नव्हता. शिकलेल्या कामाला गावात गिऱ्हाईक नाही आणि धंद्याला कर्ज नाही, तर हाती येणारी खरी गोष्ट विद्यावेतन हीच उरते. मदत हवीच, पण तिच्या पुढे कामाची वाटही हवी.

हे दार ठोठावून पाहा

या अनुभवानंतर आलेल्या काही योजना घरोघरी माहीत असायला हव्यात.

ज्यांच्या पगारातून कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जात होती, त्यांच्यासाठी १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीत नोकरी गेल्यास, ठराविक काळ वर्गणी भरलेल्या कामगाराला बेकारीभत्ता, त्या काळात कुटुंबाला वैद्यकीय उपचार आणि नवे कौशल्य शिकण्याचा खर्च, अशी तिची रचना आहे. मात्र स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला हा भत्ता नाही. म्हणून मालकाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी विमा महामंडळाच्या शाखेत चौकशी करावी.

खेड्यातल्यांसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे धर्मस्थळ देवस्थान आणि दोन बँकांनी मिळून अशी संस्था काढली. त्याच धर्तीवर २००९ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत त्या उभ्या राहिल्या. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, मोटर दुरुस्ती असे थोड्या दिवसांचे वर्ग, राहणे-जेवण मोफत आणि नंतर दोन वर्षे विचारपूस, ही त्यांची पद्धत. अडचण येते ती लेकुरवाळ्या बाईची. मुलांना सासूबाई किंवा जाऊबाई सांभाळणार असतील, तरच तिला निवासी वर्गाला जाता येते. तिच्या शिक्षणाचे विद्यावेतन म्हणजे घरच्यांनी दिलेला हा हातभार.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत ठरली. रोजंदारी बुडवून शिकायला बसणाऱ्याची अडचण येथे ओळखली गेली.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयोगटातील बारावी उत्तीर्णांना महिना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे वाढवून अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर मात्र 'आता पुढे काय?' म्हणत प्रशिक्षणार्थींनी आंदोलने केली. ट्रायसेमच्या वेळचाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला.

आधी घरचा हिशेब

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी नवरा-बायकोने एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. विद्यावेतन किती आणि कोणत्या खात्यात येणार? वयाची अट काय? बसभाडे वेगळे मिळते का? याआधी येथे शिकलेले लोक आज काय करतात? शेवटचा प्रश्न केंद्रात विचारून भागत नाही. त्या लोकांनाच गाठून विचारावा. पैसे खात्यात पडेपर्यंत दिवस जातात, तेव्हा निदान एका महिन्याचे वाणसामान आधी भरून ठेवावे. नाव लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवावे.

चाळिशीत पुन्हा वही घेऊन विशीतल्या पोरांशेजारी बसणे सोपे नसते. त्यासाठी धीर लागतो आणि धीर रिकाम्या डब्यावर टिकत नाही. बायकोने वाण्याच्या उधारीचा विषय काढला, तेव्हा तिने नवऱ्याचा उत्साह मोडला नव्हता. तीन महिने तो वर्गात टिकावा, याचीच तजवीज ती करत होती. सरकारी योजनांनीही तिचा हा प्रश्न पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवा.