उसना खेळाडू

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच शाहू स्टेडियमवर असली, की आमच्या गावची मोठी पोरं वडापनं जातात. तालमींकडून नायजेरियाचे खेळाडूही खेळून गेलेत. त्यावरून पारावर वाद ठरलेला. एक म्हणतो, जिंकायचं तर बाहेरचा अनुभवी गडी पाहिजे. दुसरा म्हणतो, मग आपल्या पोरानं खेळायचं कधी?

मोठ्या क्लबांत ‘लोन’ची रीत आहे. लोन म्हणजे उसनवारी. पैऱ्याचा बैल काम झालं की मालकाच्या दावणीला परत जातो, तसा हा खेळाडू मुदत संपली की आपल्या क्लबात जातो. त्याचा करार जुन्या क्लबाशीच असतो. पगार कोणी किती द्यायचा, ते दोन्ही क्लब ठरवतात.

डेव्हिड बेकहॅम अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस गॅलक्सीचा मधल्या फळीतला खेळाडू होता. २००९ च्या जानेवारीत, वयाच्या ३३ व्या वर्षी, तो इटलीच्या एसी मिलानकडे उसना गेला. पुढे मुदत वाढली आणि तो जुलैत परत आला. तेव्हा त्याच्याच क्लबाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली!

मधल्या फळीत पळण्याइतकीच नजर लागते. चेंडू कुणाला, कधी द्यायचा हे वयानं कळतं. माझा चुलतभाऊ तिथंच खेळतो. उसना गडी शेजारी असला तर दादा शिकेल, पण त्याच्याच जागी आला तर दादा बाहेर बसणार. म्हणून मी म्हटलं, दुसऱ्या हाफला तरी पोरांना उतरवावं. दादा म्हणाला, “दुसऱ्या नको, पहिल्याच!”