लार्झाकचे पठार : मोटारसायकलवरून पाहिलेली एका सत्याग्रहाची भूमी

दक्षिण फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळा समुद्र, नीस आणि कान ही श्रीमंतांची शहरे व लॅव्हेंडरची जांभळी शेते उभी राहतात. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत चित्रांनी आपली तशी समजूत करून दिली आहे. परंतु माँपेल्ये शहराजवळचा समुद्रकिनारा मागे टाकून उत्तरेकडे वळले, की शंभर किलोमीटरच्या आतच एक अगदी निराळा प्रदेश लागतो : उघडा, खडकाळ, वाऱ्याने झोडपलेला आणि मेंढ्यांचा. हेच लार्झाकचे पठार. आम्ही चार मित्रांनी तीन मोटारसायकलींवरून या भागात सहा दिवस भ्रमंती केली. तिची दैनंदिनी देण्याचा येथे हेतू नाही. हे पठार आज जसे दिसते तसे का दिसते, आणि त्याचा आपल्या वर्ध्याशी काय संबंध आहे, एवढेच सांगायचे आहे.

प्रथम वाहनाविषयी दोन शब्द. फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने जावे लागते. जेथे कोणतीही खूण नसते अशा चौकात उजवीकडून येणाऱ्यास प्रथम वाट द्यायची, हा नियम अंगवळणी पडण्यास आम्हांला दोन दिवस लागले. शिरस्त्राण सक्तीचे आहेच. २०१६ पासून प्रमाणित हातमोजेही सक्तीचे आहेत. समोरून येणारा अनोळखी मोटारसायकलस्वार डाव्या हाताची दोन बोटे उंचावून अभिवादन करतो. मागे टाकून पुढे जाणारा उजवा पाय किंचित बाहेर काढून आभार मानतो. पहिल्या दिवशी आम्हांला वाटले, त्याचा पाय अवघडला असावा!

मोटारसायकलचा खरा लाभ असा, की भूगोल अंगाला कळतो. लोदेव्ह गाव सोडले की रस्ता कड्याच्या अंगाने चढू लागतो. या खिंडीचे नाव ‘एस्कालेत’, म्हणजे लहान शिडी. खालच्या द्राक्षमळ्यांची ऊब चढाबरोबर कमी होत जाते आणि माथ्यावर पोचताच गार वारा जाकिटात शिरतो. समोर झाडे विरळ होतात. पांढरट दगड, खुरटे गवत, रानटी थाइमचा वास आणि दुरून येणारा घंटांचा आवाज.

हा बदल एकाएकी का होतो? याचे उत्तर खडकात आहे. लार्झाक हे चुनखडीचे पठार आहे. अशा पठारांना तेथे ‘कोस’ म्हणतात. लार्झाक हे त्यांतील सर्वांत मोठे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस किलोमीटर आहे. पाऊस येथे पडतो, पण पृष्ठभागावर टिकत नाही. चुनखडीच्या भेगांतून तो खोल झिरपतो आणि पठाराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्यामुळे माथ्यावर नदी नाही, ओढा नाही. मेंढ्यांना पाणी पाजण्यासाठी लोकांनी बशीच्या आकाराची, दगडांनी फरसबंद केलेली उथळ तळी बांधली. ‘टेंप्लर’ धर्मयोद्ध्यांनी वसविलेल्या ला कुव्हर्तुआराद या तटबंदीच्या गावाबाहेर असे एक तळे आम्ही पाहिले. तळ्याकाठचे दगड गुळगुळीत झाले होते.

जेथे नांगर फारसा चालत नाही तेथे मेंढी चालते. आणि मेंढीच्या दुधावर रोकफोर गाव जगते. या गावाजवळचा डोंगर फार पूर्वी खचला व त्याच्या पोटात भेगा पडल्या. त्या भेगांतून बारमाही थंड, ओलसर हवा वाहते. तिच्यात विशिष्ट बुरशी लावलेले चीज पिकते व त्यात निळ्या-हिरव्या शिरा उठतात. रोकफोर या नावाला १९२५ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. खडक, पाणी, मेंढी आणि चीज अशी ही एकच साखळी आहे. ती तोडण्याचा प्रसंग १९७१ मध्ये आला.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी लार्झाकवरील लष्करी छावणी सुमारे तीन हजारांवरून सतरा हजार हेक्टरांपर्यंत वाढविण्याचा निर्णय जाहीर केला. शेकडो वर्षे मेंढ्या चारणाऱ्या कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागणार होत्या. हे शेतकरी स्वभावाने परंपरानिष्ठ, नियमाने चर्चला जाणारे. आंदोलनाची त्यांना सवय नव्हती. अशा वेळी एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या मदतीस आला. त्याचे नाव लाँझा देल वास्तो. इटलीत जन्मलेला हा लेखक १९३७ साली वर्ध्यास येऊन गांधीजींजवळ राहिला होता. गांधीजींनी त्याला ‘शांतिदास’ हे नाव दिले. पुढे त्याने फ्रान्समध्ये आश्रमासारखी एक वसाहत स्थापन केली व १९६३ पासून ती लार्झाकच्या सीमेजवळ होती. मार्च १९७२ मध्ये त्याने ला काव्हालरी या छावणीच्या गावीच पंधरा दिवसांचे उपोषण केले. त्याच महिन्याच्या अखेरीस १०३ शेतकऱ्यांनी आपली जमीन लष्कराला विकणार नाही अशी शपथ घेतली.

आमच्यातील एक मित्र वर्धा जिल्ह्यातला आहे. ला काव्हालरीच्या चौकात हा वृत्तांत ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दरवर्षी शाळेची सहल सेवाग्रामलाच. आम्ही कंटाळायचो, लेका! तिथलं काही इतक्या लांब येऊन पोचलं असेल असं कधी वाटलं नाही.”

पुढची दहा वर्षे हा लढा चालला. ऑक्टोबर १९७२ मध्ये शेतकऱ्यांनी पॅरिसला आयफेल मनोऱ्याखाली मेंढ्या नेऊन सोडल्या. १९७३ मध्ये ट्रॅक्टर घेऊन ते राजधानीकडे निघाले. ला ब्लाक्येर येथे परवाना न घेता, देशभरच्या स्वयंसेवकांच्या हातांनी दगडी मेंढवाडा बांधण्यास सुरुवात झाली; तो आजही उभा आहे. हजारो लोकांनी जमिनीचे लहान लहान हिस्से विकत घेतले, जेणेकरून संपादन करणे अवघड व्हावे. ‘लार्झाक आम्ही राखू’ ही घोषणा फ्रेंचमध्ये नव्हे, तर तेथील ऑक्सितान या जुन्या लोकभाषेत दिली गेली, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९८१ च्या मे महिन्यात फ्राँस्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी ही योजना रद्द केली. येथे कोणी विचारील, की मग विजय सत्याग्रहाचा की निवडणुकीचा? आमच्यात यावर एका रात्री बराच वाद झाला. माझे मत असे, की निवडणुकीने शेवटची सही केली हे खरे. परंतु ती सही करण्यापर्यंत जमीन शेतकऱ्यांच्या ताब्यात राहिली, ही दहा वर्षांच्या चिकाटीची कमाई होती. शपथ घेणारे पहिल्याच वर्षी एकेकटे विकून मोकळे झाले असते, तर १९८१ मध्ये रद्द करण्यासारखे काही उरलेच नसते.

विजयानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सरकारने विकत घेतलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन १९८५ मध्ये शेतकऱ्यांच्या सामाईक संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. तिथे जो कसतो त्याला राहता येते. त्याने शेती सोडली की जमीन दुसऱ्या शेतकऱ्याकडे जाते, विकता येत नाही. जुनी छावणी मात्र अजून आहे. मेंढ्यांच्या घंटा ऐकत पुढे गेले, की रस्त्याच्या कडेने लष्करी हद्दीचे फलकही दिसतात. २०११ साली युनेस्कोने कोस व शेजारच्या सेव्हेन प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो येथील पशुपालनाने घडविलेल्या भूदृश्यासाठी.

पठाराच्या उत्तर टोकाला तार्न नदीच्या दरीवर २००४ मध्ये मियोचा प्रचंड पूल खुला झाला. त्याच्या सर्वांत उंच खांबाचे टोक तळापासून ३४३ मीटरांवर आहे. त्यावरून दरी काही मिनिटांत ओलांडता येते. आम्ही जुन्या वळणावळणांच्या रस्त्याने खाली उतरलो. मध्ये एक कळप आडवा आला. मेंढपाळ बाई सावकाश चालत होत्या, मागे मोटारींची रांग लागली होती आणि कोणीही भोंगा वाजविला नाही. इंजिने बंद करून आम्हीही थांबलो. त्या वाटेवर पहिला हक्क कोणाचा, हे तेथे सर्वांना ठाऊक होते.