तीन लुकलुक, मग चार

ट्रकच्या डॅशबोर्डवर एबीएसची एक पिवळी बत्ती असते. इग्निशन ऑन केले की ती लागते, चासीखाली मॉड्युलेटर व्हॉल्व्ह एकापाठोपाठ एक खटखटतात आणि यंत्रणा स्वतःची तपासणी उरकते. सगळे ठीक असेल तर बत्ती विझते. काही गाड्यांत त्यासाठी गाडी थोडी पुढे न्यावी लागते. बत्ती विझलीच नाही, तरी पेडल दाबल्यावर हवेचा ब्रेक नेहमीसारखा लागतो. एबीएस बंद पडले तरी साधा ब्रेक शाबूत राहावा, अशी रचनाच केलेली आहे. पण त्यामुळेच या बत्तीला कुणी जुमानत नाही. कुणी तिच्यावर टेप चिकटवतो, कुणी बल्बच काढून ठेवतो. बोरघाटात किंवा कसाऱ्याला, पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या उतारावर रिकामा ट्रेलर घेऊन जोरात ब्रेक मारावा लागला, की मागची चाके जाम होतात आणि ट्रेलर आडवा फिरू लागतो. एबीएस असते ते त्या दोन-चार सेकंदांसाठी.

त्याचे काम समजायला अवघड नाही. चाकाच्या हबवर दातेरी कडे बसवलेले असते, त्याला टोन रिंग म्हणतात. जड गाड्यांत तिला बहुधा १०० दाते असतात. तिच्यासमोर सेन्सर, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. दाता समोरून सरकला की वेटोळ्यात विजेचे एक स्पंदन उमटते. ट्रकचे चाक एका फेरीत सव्वातीन मीटरच्या आसपास अंतर कापते, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला एका सेकंदात ५०० च्या वर स्पंदने ईसीयूकडे, म्हणजे एबीएसच्या संगणकाकडे, जातात. एखाद्या चाकाची स्पंदने एकदम मंदावली, की ते चाक जाम होत आहे हे ईसीयू ओळखतो. मग त्या चाकाचा मॉड्युलेटर हवा सोडतो, पुन्हा भरतो, पुन्हा सोडतो, एका सेकंदात अनेकदा.

मर्सिडीज-बेंझ आणि वॅब्को यांनी ट्रकसाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस १९८१ साली बाजारात आणले. अमेरिकेने त्याआधीच, १९७५ साली, ट्रकना अशी यंत्रणा लावायला भाग पाडणारा नियम लागू केला होता. पण तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सवर वाहतूकदारांचा भरवसा बसेना आणि १९७८ मध्ये न्यायालयाने तो भाग रद्द केला. सक्ती परतली ती १९९७ मध्ये. भारतात २०१५ पासून नव्या जड मालवाहू गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले.

यंत्रणा बिघडली की कोड साठवते. स्कॅनर नसला तरी बऱ्याच गाड्यांत तीच बत्ती लुकलुकून आकडा सांगते. अमेरिकेतल्या मेरिटर-वॅब्कोच्या डी आणि ई पिढीत पहिला आकडा दोषाचा प्रकार सांगतो, दुसरा जागा. तीन लुकलुक, थोडा विराम, मग चार लुकलुक याचा अर्थ सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट वाढली आहे, चाक मागचे डावे. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. एकाचा तक्ता दुसऱ्याच्या गाडीला लावला की भलतेच चाक उघडले जाते. स्कॅनरवर दिसणारे आकडे जे१९३९ या मानकाप्रमाणे येतात. ७८९ म्हणजे पहिल्या ॲक्सलचा डावा सेन्सर, ७९० उजवा, ७९५ डाव्या बाजूचा मॉड्युलेटर. पुढचा आकडा बिघाडाची तऱ्हा सांगतो. ५ असेल तर सर्किट तुटलेले.

७८९ आणि ५ दिसले की गॅरेजमध्ये लगेच नवा सेन्सर मागवला जातो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ईसीयूला चाक दिसत नाही. त्याला दिसतात त्याच्या प्लगमधल्या दोन पिना, आणि तिथे प्रवाह पोचत नाही एवढेच तो सांगतो. तार चासीला घासून तुटली असेल, कनेक्टरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या असतील, उंदराने वायर कुरतडली असेल. सेन्सर हे त्यातले फक्त एक कारण.

फटीचा कोड तर त्याहून फसवा. सेन्सर बोल्टने आवळलेला नसतो, स्प्रिंगच्या बुशमध्ये घट्ट दाबून बसवलेला असतो. चाकाचे बेअरिंग ढिले झाले की रिंग डुगडुगते आणि दर हादऱ्याला सेन्सरला थोडे मागे ढकलते. वॅब्कोच्या सेन्सरला फट ०.७ मिलिमीटरच्या आत लागते. ती वाढली की आधी कमी वेगात स्पंदने हरवतात. नवा सेन्सर घातला की तो पुढे सरकवूनच बसतो, त्यामुळे बत्ती विझते आणि सगळे खूश होतात. काही दिवसांनी तोच कोड परत. दोष असतो हबमध्ये, बिल मात्र वायरमनच्या खात्यावर चढते. ढिले बेअरिंग म्हणजे उद्या निखळणारे चाक, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात येत नाही.

खरे तर तपासणी सोपी आहे. चाक जॅकवर उचलावे, सेन्सरचा कपलर सोडवावा आणि त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावावा. वॅब्कोच्या सेन्सरचा रोध ९०० ते २,००० ओहमच्या दरम्यान हवा. मग मीटर एसी व्होल्टवर घेऊन चाक हाताने फिरवावे, दोन सेकंदांना एक फेरी या वेगाने. किमान ०.२ व्होल्ट आले पाहिजेत. कमी आले तर सेन्सर हातानेच रिंगला टेकेपर्यंत पुढे दाबावा, हातोडी लावू नये. चाक फिरले की रिंग स्वतःच त्याला हवे तेवढे मागे सारते. लायनर बदलल्यावर हब परत चढवताना एवढे दाबायचे राहून जाते आणि ब्रेकचे काम करून निघालेल्या गाडीचीच बत्ती लागते. काही शे रुपयांचा हा मीटर नीट वापरणारा मिस्त्री मला महागड्या स्कॅनरवाल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

काम झाल्यावरही वाद होतोच.

“वस्ताद, बत्ती तशीच आहे. पैसे कसले मागताय?”

“गाडी गेटपर्यंत नेऊन आणा, भाऊ, मग बोला.”

वस्तादाचे बरोबर असते. सेन्सरचा दोष एकदा नोंदला गेला की चाकाची स्पंदने प्रत्यक्ष मिळेपर्यंत ईसीयू बत्ती विझवत नाही, आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत ताशी ७ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. गेटपर्यंत जाऊनही ती विझली नाही तर कोड पुन्हा वाचायचा. आकडा बदलला असेल तर दोष दुसरीकडे आहे. तोच आकडा आला तर चाक पुन्हा जॅकवर घ्यायचे, वर-खाली धरून हलवायचे आणि बेअरिंगला हात घालायचा.