उमेदीचा काळ कोणाचा आणि तो मोजणार कोण?

मुष्टियुद्धाच्या शौकिनांमध्ये एक वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. एखादा विश्वविजेता झाला की त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची वये मोजायला सुरुवात होते. अमुक म्हातारा झाला होता, तमुक जखमी होता, तिसऱ्याचे हातपाय थकले होते. मग या विजेत्याने ऐन उमेदीतला असा कोणाला हरवले? प्रश्न रास्त आहे. थकलेल्याला पाडून कोणी मोठा होत नाही. परंतु आम्ही वकिली करणारी माणसे. आक्षेप आला की तो कोणी घेतला, कोणाविरुद्ध घेतला आणि पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकले हे आधी पाहतो. तसे पाहिले की या वादाचे पोट उघडे पडते.

जॅक जॉन्सनपासून सुरुवात करू. टेक्सासमधील गॅल्व्हस्टनचा हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १८७८ सालचा. आईबाप दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. त्या काळात हेवीवेट विजेतेपदाभोवती रंगाची रेघ ओढलेली होती. काळ्याशी विजेतेपदासाठी लढणार नाही, असे जॉन सुलिव्हन उघडपणे सांगत असे. जेम्स जेफ्रिजनेही विजेता असताना तेच केले. जॉन्सन ऐन भरात होता तेव्हा जेफ्रिजने त्याला संधी दिली नाही आणि १९०५ साली अपराजित म्हणून निवृत्ती घेतली. पुढे टॉमी बर्न्स विजेता झाला. जॉन्सनने त्याचा इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पिच्छा पुरवला. तीस हजार डॉलर पदरात पडल्यावर बर्न्स तयार झाला आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिसांना लढत थांबवावी लागली. विजेता जॉन्सन.

आता काय करायचे? लगेच बर्न्स बुटका ठरला, खरा विजेता तर जेफ्रिजच, असा सूर लागला. लेखक जॅक लंडन यांनीच सिडनीहून लिहून जेफ्रिजला परत येण्याचे आवाहन केले. ‘गोऱ्यांची आशा’ म्हणून जेफ्रिजने शंभर पौंडांच्या आसपास वजन उतरवले आणि ४ जुलै १९१० रोजी नेवाडातील रीनो येथे तो रिंगणात उतरला. त्याचे वय ३५, जॉन्सनचे ३२. पंधराव्या फेरीत जेफ्रिज कोसळला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, वीसच्या आसपास माणसे मेली, त्यांत बहुतेक काळी होती. काँग्रेसने १९१२ साली कायदा करून मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. काळा माणूस गोऱ्याला पाडताना पडद्यावर दिसता कामा नये!

आणि मग तोच युक्तिवाद आला: जेफ्रिज सहा वर्षे लढला नव्हता, त्याच्या उमेदीत जॉन्सन टिकला नसता. वस्तुस्थिती खरी आहे. जेफ्रिज उमेदीत नव्हताच. पण उमेदीत असताना त्याला लढण्यापासून कोणी अडवले होते? दार आतून लावून घ्यायचे आणि नंतर बाहेरच्याला म्हणायचे, तू वेळेवर आला नाहीस. न्यायालयात असा बचाव एक मिनिट टिकत नाही. स्वतःच्या कसुरीचा फायदा पक्षकाराला घेता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. गंमत अशी की, आपण उमेदीतही जॉन्सनला हरवू शकलो नसतो, असे खुद्द जेफ्रिजनेच लढतीनंतर कबूल केल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले. अशिलाने कबुली दिली तरी त्याचे वकील मात्र आजही खटला चालवत आहेत.

हा युक्तिवाद आम्हाला ओळखीचा आहे. आपल्या वस्तीतल्या पोराने स्पर्धा परीक्षेत खुल्या गटातून वरचा नंबर काढला तर त्या वर्षी पेपर सोपा निघतो. नापास झाला तर मात्र पेपर बरोबर असतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ साली ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव ठेवले. हे नाते अशा ओळखीतूनच आले.

आता दुसरी बाजू पाहा. रॉकी मार्सियानो, ४९ लढती, ४९ विजय, १९५६ साली अपराजित निवृत्त. मोठा योद्धा, त्याच्या ताकदीबद्दल आमचा वाद नाही. पण १९५१ साली त्याने जो लुईला हरवले तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि कराच्या थकबाकीपायी निवृत्तीतून परत आला होता. (याच लुईने १९४२ साली दोन लढतींचे मानधन अमेरिकेच्या नौदल आणि सैन्याच्या मदतनिधीला दिले होते. नंतर त्याच सरकारने त्याच्यामागे कराचा तगादा लावला.) १९५२ साली ज्याच्याकडून विजेतेपद घेतले तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा. तरीही ४९ चा आकडा आदराने घेतला जातो, तळटीप बारीक अक्षरात येते. जॉन्सनच्या बाबतीत तळटीपच मथळा झाली.

शिवाय वय मोजायचे म्हणता, पण कोणाचे? १९६४ साली मुहम्मद अलींनी, तेव्हाच्या कॅशियस क्लेंनी, सोनी लिस्टनला हरवले. लिस्टन म्हातारा होता, हा आक्षेप अजून ऐकू येतो. पण लिस्टनच्या जन्माची नोंदच नव्हती. कापसाच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबातल्या ढीगभर लेकरांपैकी एक, कोण लिहून ठेवणार? आपल्या मागच्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे ते आठवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. ज्या व्यवस्थेने माणसाचा जन्मही नोंदवला नाही, तिनेच त्याच्या उमेदीचा दाखला मागावा?

अलींवरचे सगळेच आक्षेप पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. १९६६ साली त्यांनी क्लीव्हलँड विल्यम्सला ज्या सफाईने हरवले ती त्यांची सर्वोत्तम कामगिरी म्हणून दाखवली जाते. पण दोनच वर्षांपूर्वी टेक्सासमधील एका पोलिसाच्या गोळीने विल्यम्सची एक किडनी गेली होती. तो विजय वजनाने हलकाच धरावा लागेल.

परंतु अलींच्या स्वतःच्या उमेदीचे काय? २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे त्यांनी व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने परवाना निलंबित केला. खटला नाही, सुनावणी नाही. पुढे जूनमध्ये पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०, म्हणजे वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंत, अली रिंगणाबाहेर होते. ज्याला उमेद म्हणतात ती हीच वर्षे.

ती परत मिळवण्याची लढाई न्यायालयात झाली आणि ती आपल्या तरुण वकिलांनी जरूर वाचावी. आयोगाचे म्हणणे असे की, दोषी ठरलेल्याला परवाना देता येत नाही. एनएएसीपीच्या कायदा निधीच्या वकिलांनी आयोगाचीच दप्तरे चाळली. खून, दरोडा, बलात्कार, इतकेच काय, सैन्यातून पळून जाणे अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना दोनशेहून अधिक वेळा परवाने दिलेले निघाले. सप्टेंबर १९७० मध्ये न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांनी हा मनमानी भेदभाव ठरवून परवाना देण्याचा आदेश दिला. आधार चौदाव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे कायद्याचे समान संरक्षण. हेच शब्द आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये आहेत. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षाही रद्द केली. थर्गुड मार्शल त्यात बसले नव्हते. खटल्याच्या काळात ते सरकारचे सॉलिसिटर जनरल राहिले होते.

त्या तीन वर्षांची भरपाई कोणत्याच निकालात नव्हती. मार्च १९७१ मध्ये २७ वर्षांच्या, अपराजित जो फ्रेझरकडून अली हरले. आणि ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात त्यांच्यासमोर जॉर्ज फोरमन उभा राहिला: वय २५, चाळीस लढतींत चाळीस विजय, ज्याने फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनाही दोन-दोन फेऱ्यांत संपवले होते. अली ३२ वर्षांचे. आठव्या फेरीत फोरमन खाली पडला. उमेदीतला प्रतिस्पर्धी दाखवा म्हणणाऱ्यांना आम्ही ही एक तारीख देतो.

जॉन्सनच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्याच्याविरुद्धचा पुरावाही दडपता येणार नाही. विजेता झाल्यावर त्याने ती रेघ पुसली नाही. सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे कृष्णवर्णीय योद्धे तेव्हा ऐन भरात होते; तिघांपैकी एकालाही त्याने विजेतेपदासाठी संधी दिली नाही. लँगफर्डला त्याने १९०६ साली हरवले होते, पण तेव्हा लँगफर्ड वजनाने कितीतरी हलका होता. तो भरदार झाल्यावर जॉन्सनने त्याच्याकडे पाठ फिरवली. गोऱ्यांशी लढण्यात पैसा जास्त होता, हे कारण समजते, पटत नाही. पुढे १९१५ साली हवानात ३७ वर्षांचा जॉन्सन जेस विलर्डकडून हरला, आणि त्यानंतर थेट १९३७ साली जो लुईपर्यंत एकाही काळ्या योद्ध्याला हेवीवेट विजेतेपदाची लढत मिळाली नाही. जॉन्सनला वर्णद्वेषी खटल्यात १९१३ साली झालेल्या शिक्षेबद्दल २०१८ साली मरणोत्तर माफी मिळाली. लँगफर्ड दृष्टी अधू होत गेली तरी लढत राहिला. १९४४ साली न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराला तो हार्लेममधल्या एका खोलीत सापडला, पूर्ण आंधळा आणि कफल्लक.