जुन्या पजेरोची दोनशे पानी वही

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल. माझ्या वर्गमित्रांनाही ते आले. परंतु ज्या गाडीविषयी मी लिहिणार आहे, तिच्यावर आमच्या घरची चूल चालते आणि माझी कॉलेजची फीसुद्धा तिच्यातूनच निघते. माझे वडील शाहूवाडी तालुक्यातील एका बागायतदारांकडे ड्रायव्हर आहेत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. गाडी आमची नाही, मालकांची आहे, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर उद्या कुणी माझ्याकडे उसने पैसे मागायला यायचा!

ही गाडी म्हणजे मित्सुबिशी कंपनीची पजेरो. दक्षिण अमेरिकेतील एका रानमांजराच्या नावावरून तिचे नाव ठेवले आहे. जपानमध्ये ती १९८२ पासून बनू लागली. वाळवंटातील डाकार शर्यत तिने बारा वेळा जिंकली, त्यांपैकी २००१ ते २००७ अशी सलग सात वर्षे. भारतात २००२ पासून हिंदुस्थान मोटर्सने, म्हणजे ॲम्बॅसडर बनविणाऱ्या कंपनीने, ती विकायला सुरुवात केली. आमच्या मालकांनी ती २००५ च्या डिसेंबरात घेतली, तेव्हा सारा गाव पाहायला लोटला होता म्हणतात. आता तो थाट उरलेला नाही. सीटांना चिरा गेल्या आहेत, एसी कधी गार तर कधी गरम वारा सोडतो. जपानमधील उत्पादनही २०२१ मध्ये थांबले. त्यामुळे सुटे भाग मिळविण्यासाठी कोल्हापूर-पुण्यापर्यंत फोन करावे लागतात आणि काही भाग मोडीत निघालेल्या जुन्या गाड्यांतूनच शोधावे लागतात.

मालकांच्या मुलांच्या नव्या गाड्या आहेत. त्या ते स्वतःच चालवतात. डोंगराकडच्या शेतावर पावसाळ्यात मात्र जुनी पजेरोच जाते. म्हणजे ड्रायव्हर लागतो तो एवढ्या एकाच गाडीला. २०२४ च्या दिवाळीत मालक वडिलांना म्हणाले, "हा पांढरा हत्ती झालाय. पुढच्या वर्षी पासिंगची मुदत संपते. तोवर वर्षभर ही काय खाते ते लिहून दाखव. पटलं तर ठेवू, नाहीतर भंगारवाल्याला देऊ."

वडील त्या रात्री जेवताना गप्प होते. शेवटी एवढेच म्हणाले, "गाडी काय बोलत्या ते मला ऐकू येतंय. पर हिशेब मांडाय कुठं येतोय?" दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. त्या वहीने मला जे शिकविले, ते आता सांगतो.

पहिला प्रश्न इंधनाचा. गाडी किती पिते हे मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. पंपावर टाकी फुल करायची आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत, पुन्हा फुल करायची. मधल्या किलोमीटरला या वेळी भरलेल्या लिटरनी भागले की ॲव्हरेज निघते. आमचे पहिले उत्तर असे आले: ४१२ किलोमीटर, ४५.८ लिटर, म्हणजे लिटरला ९ किलोमीटर. डिझेल ९० रुपये धरले तर दर किलोमीटरला दहा रुपये! गाडीचे वजन दोन टनांच्या घरात, इंजिन २,८३५ सीसीचे, शिवाय उंच आणि चौकोनी बांधा. वाऱ्याला अंगावर घेत जाणारी गाडी कमी पिणार तरी कशी?

पण सगळा दोष जातीचा नव्हता. वडिलांनी दहा किलोमीटर गाडी फिरवून आणली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मागचे डावे चाक इतरांपेक्षा जास्त तापले होते. तिथला ब्रेक चिकटत होता. टायरमध्ये हवा कमी होती आणि एअर फिल्टर उसाच्या रस्त्यावरील धुळीने भरला होता. चिकटता ब्रेक, मऊ टायर आणि कोंडलेला श्वास या तिन्हींची भरपाई इंजिन डिझेल पिऊन करीत असते. ही तीन कामे झाल्यावर ४३७ किलोमीटरला ४४.६ लिटर लागले, म्हणजे ९.८ चे ॲव्हरेज. किलोमीटरमागे ८२ पैसे वाचले. ऐकायला हे थोडे वाटते, पण आमची गाडी वर्षात ७,३०० किलोमीटर चालली. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे सहा हजार रुपये होतात. माझ्या फीपेक्षा ते जास्तच आहेत.

दुसरा प्रश्न डिझेलच्या जातीचा. या इंजिनात आजच्या गाड्यांसारखी कॉमन रेल नाही. फिरता पंप डिझेलला दाब देऊन एकेका नोझलकडे पाठवितो. या पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळले तर गाडी चालते खरी, पण रॉकेल पातळ असल्यामुळे पंपाचे आतले भाग घासून खराब होतात. वाचलेले चार पैसे असे दसपटीने जातात.

इथे एक नवी गोष्टही सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा प्रतीचे इंधन मिळते. त्यात दहा लाख भागांत गंधक फक्त १० भाग असते. आमची गाडी घेतली तेव्हाच्या डिझेलमध्ये ते शेकड्यांनी असे. गंधक काढताना डिझेलचा अंगचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून शुद्धीकरण कारखान्यातच त्यात वंगणाचे द्रव्य घालतात. त्यामुळे चांगल्या पंपावरील नवे डिझेल जुन्या गाडीला चालते, हवेलाही ते बरे. फक्त जुन्या पंपातील वीस वर्षांचे रबरी सील कडक झालेले असतात, तिथून गळती होते का ते पाहत राहावे लागते.

तिसरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत राहिली की आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पुढे पंपाला गंज आणते. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी आणि डिझेल फिल्टरच्या तळाचा नट सैल करून साठलेले पाणी अधूनमधून सोडावे. आमच्याकडून हे पूर्वी वेळेवर झाले नव्हते. २०२५ च्या मे महिन्यात गाडी काळा धूर ओकू लागली. पंप आणि नोझल उतरवून कोल्हापूरला न्यावे लागले. बिल झाले १८,५०० रुपये.

त्या रात्री माझ्या मनात पाप आले, हे कबूल करतो. बिलाची निम्मी रक्कम वहीत लिहावी आणि बाकीची थोडी थोडी डिझेलमध्ये मुरवावी, असे मी वडिलांना सुचविले. ते वहीकडे बघत म्हणाले, "खोटं लिवू नगंस. गाडी कधी खोटं बोलत न्हाई, आपुन तरी कशाला बोलायचं?" मी १८,५०० हा आकडा पूर्ण लिहिला आणि पुढे कारणही लिहिले: 'फिल्टरचे पाणी वेळेवर सोडले नाही.'

पाण्याचा दुसरा भाग रेडिएटरचा. या इंजिनाचा खालचा ब्लॉक लोखंडी आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त पसरते. इंजिन फार तापले तर हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी व ऑइल एक होते. २०२२ मध्ये रेडिएटरचा एक होज फुगला होता. वडिलांनी तो दाखविला, तेव्हा 'पुढच्या महिन्यात बघू' असे उत्तर मिळाले. होजची किंमत सहाशे रुपये होती. पुढच्या महिन्यात तो घाटात फुटला आणि हेडचे काम ४६ हजारांना गेले. ही नोंद मी जुन्या पावत्यांवरून काढून वहीच्या पहिल्या पानावर मुद्दाम लिहून ठेवली.

आता जिच्यामुळे ही गाडी डोंगर चढते त्या गोष्टीकडे येऊ. चिखलात मागची दोन चाके नुसती फिरू लागली की लिव्हर ओढून पुढच्या चाकांनाही जोर देता येतो. परंतु पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी वळवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो. डांबरावर मात्र घसरायला जागा नसते, म्हणून तो ताण गिअरवर येतो. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे असावेत. उलट, ही लिव्हर वर्षानुवर्षे न वापरणेही वाईट. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर ती वापरली की आतले ऑइल सगळीकडे फिरते. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस हवे. ओढ्यातून गाडी काढल्यावर हाउसिंगचे ऑइल तपासावे, ते दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले म्हणून समजावे.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. वीस वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार रुपये झाले. पर्यावरण कर वेगळाच. मुदत संपण्याआधी आम्ही वही घेऊन मालकांकडे गेलो. वर्षाचे डिझेल सुमारे ६९ हजार, देखभाल ४१,२०० रुपये. मालक पहिल्या पानावर बराच वेळ थांबले. मग मे महिन्याची नोंद वाचून त्यांनी विचारले, "ही चूक कुणाची?" वडील म्हणाले, "माझी. फिल्टर बघायचं काम माझं हुतं."

मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पासिंगचे कागद तयार करा. दोन वर्षं बघू."

नोंदणी पाच वर्षांची मिळते, शब्द मात्र दोनच वर्षांचा मिळाला. तेवढ्यात माझे बी. ए. होईल. जुनी गाडी डिझेलने महाग पडते असे मी समजत होतो. वही सांगते की ती पुढे ढकललेल्या कामांनी महाग पडते. वडिलांना हे कानाने केव्हाच कळले होते. मला ते लिहून काढल्यावर कळले. आता दर रविवारी ते बॉनेट उघडून उभे राहतात आणि हाक मारतात, "वही आण रं." मी जातो. पहिल्या वहीची पाने संपत आली आहेत, दुसरी आणून ठेवली आहे.