विषारी काट्यांचा उपयोग

रायगड किनाऱ्यावर जाळ्यातून पाकट वा शिंगाळा सोडविणारा कोळी प्रथम त्याच्या काट्याचा बंदोबस्त करतो. कारण तो काटा त्वचेत शिरताच त्यावरील नाजूक आवरण फाटून विष जखमेत उतरते व असह्य वेदना सुरू होतात. हे विष प्रथिनांचे असल्यामुळे उष्णतेने त्याची घडण बिघडते. म्हणूनच जखमी अवयव सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात तास-दीड तास बुडवावा, मात्र काटा खोल रुतला असल्यास इस्पितळ गाठण्यात हयगय करू नये.

आपल्या हिंदी महासागराचा मूळ रहिवासी असलेला, अशाच विषारी काट्यांचा लायनफिश मासा १८६९ साली खुल्या झालेल्या सुवेझ कालव्याच्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरला, आणि त्याचा भाऊबंद १९८५ साली फ्लोरिडाजवळ प्रथम आढळल्यावर कॅरिबियन प्रवाळांवरची लहान मासळी फस्त करीत सुटला. त्या मुलखात शिकार हाच इलाज ठरल्याने त्याचे मांस ताटात गेले, कातडीची पाकिटे झाली, बेलीझमधील स्त्रियांनी परांचे दागिने घडविले. त्याचे विष प्रयोगशाळेत कर्कपेशींवर तपासले गेले असले, तरी त्यापासून औषध तूर्त सिद्ध झालेले नाही. परंतु सागरी शंखाच्या विषावरून घडविलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकास २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, हा दाखला आशादायक आहे.

पाकटाचे खरखरीत कातडे तर जपानी तलवारींच्या मुठींवर शतकानुशतके चढविले गेले. संरक्षित जाती कटाक्षाने वगळून, जाळ्यात आपसूक येणाऱ्या पाकटांच्या कातड्याचा हा हुन्नर रेवदंडा-मुरूडच्या कारागिरांनी हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.