तेल थोडे, हात नेहमी

वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातला पारा ४५ अंशांकडे झुकतो. कापूस निघालेली रानं भेगाळतात, काळ्या मातीची पिठासारखी धूळ वाऱ्यावर चढते. वणीकडे तिच्यात कोळशाची भुकटी मिसळते, तर जिनिंगच्या परिसरात रुईचे तंतू. या हवेत दिवसभर हिंडणाऱ्या फौजदाराच्या कमरेचे पिस्तूल वर्षातून मोजक्याच वेळा, बहुधा सरावाच्या मैदानावर चालते. त्यामुळे झिजण्यापेक्षा धुळीने अडण्याचीच भीती त्याला अधिक.

राज्योराज्यीच्या पोलिसांकडे दिसणारे ‘नऊ एमएम ऑटो पिस्तूल वन-ए’ बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनते. मूळ आराखडा अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगचा. १९२६ मध्ये तो वारला आणि बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह यांनी काम तडीस नेले. १९३५ मध्ये ते मूळ पिस्तूल वापरात आले. त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे बसतात.

गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड किंचित एकत्र मागे सरकतात. मग बॅरलची मागची बाजू खाली उतरते आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते. परतताना ती नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हे सगळे घडते, म्हणून सरकत्या जागा मोकळ्या हव्यात. तिथे तेल जास्त झाले की धूळ चिकटते आणि दोन्हींचा लेप पॉलिश पेपरसारखा धातू घासू लागतो.

म्हणूनच शस्त्रागारातला जाणता आर्मरर तेलाची कुपी सर्वांत शेवटी उचलतो. आधी मॅगझिन काढायचे, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. मग स्लाइड खाचेत अडकवून स्लाइड-स्टॉप बाहेर काढायचा. स्लाइड, स्प्रिंग आणि बॅरल सुटे होतात. बॅरलमधून ब्रश, मागोमाग कोरडी चिंधी, ती स्वच्छ निघेपर्यंत. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी बारीक ब्रशने काढायची. त्यानंतर स्लाइडच्या रुळांवर, बॅरलच्या बाहेरच्या बाजूला आणि घोड्याच्या खिळीला एकेक थेंब, आणि तोही पुसून घ्यायचा. बोटाला ओलसर लागावे, पण तेल वाहू नये. फायरिंग पिनची नळी, चेंबर आणि मॅगझिनचे पोट कोरडे ठेवायचे. काडतुसाच्या टोपीत तेल शिरले तर ऐन वेळी गोळी दगा देऊ शकते.

मॅगझिनकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, ते इराकने दाखवले. २००३ नंतर तिथे अमेरिकी सैनिकांच्या बेरेटा एम-९ पिस्तुलांची काही मॅगझिने अडू लागली. त्यांच्या खरखरीत लेपाला बारीक वाळू धरून बसे आणि काडतुसे वर सरकत नसत. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिने आली.

मृग बरसला की यवतमाळात हिशेब उलटतो. धूळ बसते, पण दमट हवेने गंज चढू लागतो. चामड्याचे होल्स्टर ओल धरून ठेवते, म्हणून पिस्तूल रात्रभर त्यात ठेवायचे नाही आणि तेलाचा पातळ थर बाहेरच्या पोलादावरही फिरवायचा. धुळीच्या दिवसांत मात्र तेल कमी आणि पुसणे जास्त, शक्यतो रोज. ठरावीक तारखेची वाट पाहणारी साफसफाई इथे पुरत नाही. शस्त्र हवेप्रमाणे सांभाळावे लागते आणि ती समज असलेला आर्मरर दलाला चांगल्या नेमबाजाइतकाच मोलाचा आहे.